एका टेबलाभोवतीचे शिक्षण



हौसेने रेडिओ जोडावयास घेतलेला मुलगा तो अर्ध्यावर का सोडतो? बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. स्वतःची चूक एकट्यास दिसत नाही म्हणून.

अध्यापक विद्यालयात असताना मीही असा एक संच जोडला. तीन आठवडे तो मुका राहिला. अखेर तो घेऊन मी गावातील काही हौशी मंडळी रविवारी जमत, तेथे गेलो. एका गृहस्थांनी दुरूनच ट्रान्झिस्टरच्या उलट बसलेल्या पायांकडे बोट दाखविले. मी तो भाग शंभरदा पाहिला होता. पण जे बसवावयाचे होते तेच मला दिसे, जे बसले होते ते दिसत नसे.

अमेरिकेत मेन्लो पार्क येथे ५ मार्च १९७५ रोजी सुमारे तीस हौशी लोक एका गॅरेजमध्ये जमले. 'अल्टेअर ८८००' हा संगणक तेव्हा सुट्या भागांत मिळू लागला होता. त्यास पडदा नव्हता, कळफलक नव्हता; होते ते केवळ खटके व दिवे. अशा बैठकांतून आराखडे व युक्त्या यांची देवाणघेवाण होऊ लागली. तेथे येणाऱ्या स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी आपला आराखडा सभासदांस विनामूल्य दिला. १९७६ साली तोच ॲपलचा पहिला संगणक झाला.

आपल्याकडेही पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. करीत करीत शिकणे हे त्याचे सूत्र. तेथे २००२ साली फॅब लॅब ही सामायिक कार्यशाळाही उभी राहिली.

आपणांस एवढे मोठे साधन नको. महिन्यातील एक शनिवार, एक टेबल, एक मल्टिमीटर आणि गावातील रेडिओ किंवा मोबाईल दुरुस्त करणारा एक कारागीर पुरे. नियम मात्र चार असावेत. संच बॅटरीवरच चालवावा. घरगुती विजेस जोडू नये. काम टप्प्याटप्प्याने करावे व प्रत्येक टप्पा तपासूनच पुढे जावे. साहाय्य करणाऱ्याने चूक दाखवावी, मुलाच्या हातातील काम काढून घेऊ नये. सापडलेला दोष व त्याचा उपाय वहीत लिहावा. पुढच्या मुलास ती वहीच मार्गदर्शक होईल.

अर्धवट पडलेला संच मुलास 'मला हे जमत नाही' एवढेच शिकवितो. तो धडा त्याने आपल्या शाळेत शिकू नये, इतकीच माझी विनंती आहे.