धुराड्यावर नजर कोणाची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दिवाळी उरकली की धाराशिव जिल्ह्यात गाळपाची लगबग सुरू होते. ढोकी, रांजणी, मुरूम ही गावे तर साखर कारखान्यांमुळेच ओळखली जातात. धुराडे पेटले की शेतकऱ्याला बिलाची आशा वाटते. पण वारा फिरला की अंगणातल्या वाळवणावर काळी राख उतरते. ऊस आपला, कारखान्यात शेअर आपला. मग तक्रार करायची कोणाविरुद्ध?

ही राख बॉयलरमध्ये जळणाऱ्या बगॅसची. तिच्यावर लक्ष ठेवण्याचे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. १९७० साली पाण्याच्या प्रदूषणासाठी स्थापन झालेल्या या मंडळाकडे १९८१ च्या वायू कायद्यानंतर हवेचीही जबाबदारी आली. कारखाना उभारण्यापूर्वी एक आणि सुरू करण्यापूर्वी दुसरे, अशी दोन संमतिपत्रे मंडळाकडून घ्यावी लागतात. धुराड्याची उंची किती, राख कशाने पकडणार, हे त्यात ठरते. २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार साखर कारखान्याच्या धुरात दर घनमीटरला धूलिकण १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे लागतात. त्यासाठी पाण्याचे फवारे मारणारा स्क्रबर, कापडी पिशव्यांची गाळणी किंवा विजेच्या भाराने कण ओढून घेणारी यंत्रणा वापरतात.

यंत्र बसवणे वेगळे आणि रात्रपाळीतही ते चालू ठेवणे वेगळे. म्हणून २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने साखरेसह १७ प्रकारच्या उद्योगांना धूर व सांडपाणी सतत मोजणारी उपकरणे बसवण्याचे निर्देश दिले.

कारवाईसाठी मात्र नुसता डोळ्यांना दिसलेला धूर पुरत नाही. नमुना घेण्यापूर्वी कारखान्याला सूचना द्यावी लागते, नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. दोष आढळला तर वीज-पाणी तोडण्याचे, अगदी कारखाना बंद करण्याचे आदेशही मंडळ देऊ शकते. १ एप्रिल २०२४ पासून कायद्यातील अनेक तरतुदींत कैदेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला आहे.

पण ऐन हंगामात कारखाना बंद पडला, तर ऊस फडातच वाळतो. शिक्षा कारखान्याला आणि नुकसान शेतकऱ्याचे! म्हणून खरी वेळ हंगामापूर्वीची. सहकारी कारखान्याच्या वार्षिक सभेत आपण भाव विचारतो, साखरेचा उतारा विचारतो. त्याच सभेत एक प्रश्न आणखी विचारावा: स्क्रबरची दुरुस्ती झाली का? मोजमापाचे आकडे दाखवता का?

आणि एक गोष्ट आपल्या हातातली. तोडणीनंतर फडातले पाचट आपणच पेटवतो. त्या धुराला ना धुराडे, ना संमतिपत्र. तेच पाचट सरीत पसरले, तर ओल टिकते, जमिनीचा कस वाढतो. आपल्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात ही कमाई लहान नाही. कारखान्याकडे बोट दाखवण्याचा हक्क आपल्याला आहेच. आपला फड न पेटवता तो बजावला, तर त्या बोलण्याला वजन येईल.