शाहिराचं गाणं आणि कामगाराचा गळा
(कामगार मेळाव्यातील भाषण)



आजच्या सभेत ठराव झाले, मागण्या झाल्या. आता माझ्याकडं विषय आला आहे शाहिराचा. कुणी म्हणेल, लढ्याच्या सभेत हे गाण्याबजावण्याचं काय काढलं? त्याला माझं उत्तर साधं आहे. संयुक्त महाराष्ट्राचा लढा ठरावांनी लढला, मोर्चांनी लढला, तसाच तो डफावर आणि तुणतुण्यावरही लढला. आणि तो डफ वाजवणारी माणसं तुमच्यातलीच होती.

अण्णा भाऊ साठे कोण होते? वाळवे तालुक्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० ला जन्मलेलं पोर. शाळेशी ओळख नावापुरती. बापाबरोबर पायी चालत मुंबई गाठली. हमाली केली, कोळसे वेचले, गिरणीत राबले. अमर शेख कोण? बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६ चा. मोटारीवर क्लीनर झाले, गिरणीत कामगार झाले. अशा माणसांनी द. ना. गव्हाणकरांच्या संगतीनं १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं. सांगा, यात परका कोण आहे?

आता गाणं आलं कुठून? आभाळातून पडलं नाही. अण्णा भाऊंच्या कानात तमाशा होता. नात्यातल्या बापू साठ्यांच्या फडात त्यांनी ढोलकी, सवाल-जवाब, बतावणी, वग सारं जवळून पाहिलं. अमर शेखांच्या कानात आई मुनेराबीच्या ओव्या होत्या. पण या पठ्ठ्यांनी वारसा घेतला तो जसाच्या तसा नव्हे. तमाशात आधी गण, मग गवळण. अण्णा भाऊंनी गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना मुजरा घातला, गवळण काढून टाकली, आणि वगातल्या राजा-प्रधानाच्या जागी सावकार, पुढारी, शेतकरी, कामगार आणून उभे केले. पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी केली, तिच्यात शहराचा थाटमाट आहे. अण्णा भाऊंनीही मुंबईची लावणी केली. तिच्यात मलबार हिल आहे आणि तुमची चाळही आहे. ढंग तोच, डोळा मात्र राबणाऱ्याचा!

आणि हा डोळा गल्लीपुरता नव्हता. स्टालिनग्राडला १९४२-४३ साली फॅसिस्टांचा कणा मोडला, त्याचा पोवाडा मुंबईच्या कामगार वस्तीत झाला. १९४३ चा बंगालचा दुष्काळ, त्याची हाक पोवाड्यातून महाराष्ट्रानं ऐकली. १९४६ साली अमळनेरात गिरणी कामगारांवर गोळ्या झाडल्या, त्या हुतात्म्यांनाही अण्णा भाऊंनी पोवाड्यात अमर केलं. रशियातली लढाई आणि खानदेशातली गिरणी एकाच डफावर वाजली. आपली भाषा मागणारा माणूस जगाकडं पाठ फिरवत नाही, याचा याहून मोठा दाखला कुठला हवा?

ही मंडळी हिंडली कशी? त्यांना थिएटर लागत नव्हतं, पडदा लागत नव्हता. चाळीचं पटांगण, गिरणीचा दरवाजा, गावचा पार, संपाची सभा, जिथं माणसं जमतील तिथं फड. वर एक बत्ती, खाली मैदान, आणि अमर शेखांचा तो पहाडी आवाज. साऱ्या मैदानाला पुरून उरायचा! परळ-लालबागला ऐकलेलं गाणं गणपतीला, शिमग्याला गावी जाणारा कामगार कोकणात नेई, साताऱ्याला नेई. शाहीर पोहोचण्याआधी गाणं पोहोचलेलं असे. शाहिराच्या दौऱ्याचं भाडं असं तुम्ही भरलं आहे!

सरकारला हे कळत होतं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. अण्णा भाऊंच्या ‘माझी मुंबई’ वगावर घाला पडला. मुंबई कुणाची, राबणाऱ्याची की थैलीवाल्याची, हा त्यातला वाद. तो ज्यांना झोंबायचा त्यांना झोंबला! मग तमाशाचं लोकनाट्य झालं. नाव बदललं, फड चालूच राहिला.

आता तबकडीचं बघा. त्या काळची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. पोवाडा तेवढ्यात कसा बसणार? तो अर्धा तास चालतो, तास चालतो. शाहीर मध्येच थांबतो, बोलतो, समोरच्याला चिमटा काढतो, पुन्हा चाल धरतो. झीलकरी ओढतात, सभा उचलते. ही सभा कुठल्या कंपनीच्या तबकडीत मावेल? अमर शेखांना १९६१ च्या ‘प्रपंच’ चित्रपटात पाहता येतं, हे आपलं भाग्य. पण मैदानातला शाहीर साठवला तो सभेत विकल्या जाणाऱ्या स्वस्त चोपडीनं आणि तुमच्या गळ्यानं. चोपडीत शब्द राहिले, गळ्यात चाल राहिली.

‘माझी मैना’ ही छक्कड घ्या. बायको गावी ठेवून पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाची ती ताटातूट आहे. गाळ्यात दाटीवाटीनं राहून, खानावळीत जेवून, महिन्याला मनिऑर्डर धाडणाऱ्या हजारोंची ती कहाणी. ऐकणाऱ्याचा गळा भरून येतो न येतो, तोच शाहीर त्याला विचारतो, अरे, तुझी जशी ताटातूट झाली तशीच तुझ्या महाराष्ट्राची झाली आहे ना? बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव ही आपलीच माणसं दूर पडली आहेत ना? राज्य पुनर्रचनेचा अहवाल वाचून जे कळलं नसतं, ते कामगाराला आपल्या घरच्या दुःखातून कळलं. हे शाहिराचं काम!

पुढं काय झालं ते आपण जाणता. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळ्या, जानेवारी १९५६ ला मुंबईभर आणि बेळगावातही गोळ्या, शंभरांवर हुतात्मे, त्यांत कामगार कितीतरी. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. मैना मात्र अर्धीच घरी आली. सीमाभागाचा दावा महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला, त्याचा निकाल अजून नाही.

१८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ गेले, हलाखीत गेले. २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. सहा आठवड्यांत दोन डफ थांबले. १९८२ च्या संपानंतर भोंगेही थांबले. साच्यांच्या जागी टॉवर आले. अण्णा भाऊंचं वाङ्मय ग्रंथात आलं, २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. आनंद आहे. पण पुतळा गात नाही, आणि ग्रंथाला चाल नसते.

म्हणून बाबांनो, माझी मागणी सरकारकडं नाही, तुमच्याकडं आहे. तुमच्यापैकी कितीकांना त्या चाली अजून पाठ आहेत. झील कुठं ओढायची, डफावर थाप कुठं द्यायची, कुठल्या कडव्याला सभा उठायची, हे तुम्हांला ठाऊक आहे. नातवाच्या हातात फोन आहे. त्याला समोर बसवा आणि गा. आवाज फाटला असेल तर फाटक्या आवाजात गा. मावश्यांनो, खानावळीत भाकऱ्या थापताना म्हटलेल्या ओव्याही त्यात घाला. गिरणीची जमीन आपल्या हातून गेली, घरासाठी अजून झगडतो आहोत. गाणंही गेलं, तर इथं कोण राबलं हे सांगायला उरणार कोण?

येत्या सभेला येताना एक पोर आणि एक डफ सोबत आणा.

बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!
लोकशाहिरांचा विजय असो!
जय महाराष्ट्र!