एका ‘पण’विषयी

(मंडळाच्या महिला शाखेच्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त मांडलेली मंडळाची जुनी छायाचित्रे आपण पाहिलीत. त्यांत माझी धाकटी मुलगी क्वचितच दिसते. त्याचे कारण आज सांगावयाचे आहे. ती बारा वर्षांची असताना अशाच एका हळदीकुंकवाला मी तिची ओळख करून दिली होती : “ही धाकटी. सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.” माझ्या मते ते कौतुकच होते. तिने त्यातला ‘पण’ तेवढा ऐकला. पुढे छायाचित्र काढावयाची वेळ आली, की ती स्वयंपाकघरात निघून जाई.

परप्रांतात इतकी वर्षे काढली. शेजारी बंगाली, तमिळ, पंजाबी. भाषा निराळ्या, सणवार निराळे. परंतु मुलीच्या वर्णाचा विषय निघाला, की हा ‘पण’ मी प्रत्येक घरी ऐकला आहे.

मार्च २०२५ मध्ये केरळच्या तत्कालीन मुख्य सचिव शारदा मुरलीधरन यांनी याविषयी जाहीरपणे लिहिले. त्यांच्या आधी त्याच पदावर त्यांचे पती होते. पतीची कारकीर्द जितकी गोरी तितकी यांची काळी, असा शेरा त्यांना ऐकावा लागला. चार वर्षांच्या असताना त्यांनी आईला विचारले होते, की मला पुन्हा पोटात घालून गोरी करून आणशील का? प्रशासनातील सर्वोच्च पद मिळाले तरी ते शल्य उरलेच होते. काळ्या रंगाचे सौंदर्य त्यांना दाखवून दिले ते त्यांच्या मुलांनी.

१९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ गाळला. कंपनीला जे करावे लागले, ते आपल्या जिभेला का जमू नये? द्रौपदीला तिच्या वर्णावरून ‘कृष्णा’ म्हणतात. पंढरीच्या सावळ्याला तर आपण डोळे भरून पाहतो. तेथे आपण कधी ‘पण’ म्हणत नाही.

मुलीची मी क्षमा मागितली आहे. ती एवढेच म्हणाली, “आई, आता नातीला सांभाळ.” आज नात माझ्याबरोबर आली आहे. तिची ओळख करून देते : ही माझी नात, सतार शिकते.

तिळगूळ देताना आपण गोड बोलावयास सांगतो. ते आधी आपल्या लेकींशी बोलू या.