स्थलांतर आणि बालमन



ज्या करंजाडे गावी आपण आज जमलो आहोत, त्याच्या भोवती आता उंच इमारती उभ्या आहेत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. पुढे विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर आदी वस्त्या उठल्या. तेथील कुटुंबांचे पुनर्वसन करंजाडे, वडघर व वहाळ परिसरात झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटनही झाले.

भूखंड मिळाला, पक्के घर बांधून झाले, तरी मन का रुळत नाही, असा प्रश्न पुष्कळ जण करतात. मनुष्य केवळ घरात राहत नाही. तो सवयींत आणि ओळखींत राहतो. खाडीची भरती-ओहोटी, शेताचा बांध, गावदेवीचे देऊळ, ‘तू कोणाचा रे?’ म्हणून हटकणारे वृद्ध, या सर्वांमुळे आपण कोण आहोत हे त्याला न विचारता कळत असते. गाव उठले की हा आधार एका दिवसात जातो. नवा आधार मात्र सावकाश जुळतो. त्या मधल्या काळात मन हळहळत राहते. अमेरिकेत बॉस्टन शहरातील वेस्ट एंड ही वस्ती पाडण्यात आली, तेव्हा तेथील रहिवाशांचा अभ्यास मार्क फ्रीड यांनी १९६३ साली प्रसिद्ध केला. आप्ताच्या मृत्यूनंतर व्हावा तसा शोक अनेकांना घरासाठी झाल्याचे त्यांना आढळले.

आपणांस बदलीचा अनुभव आहेच. मागून घेतलेली बदली असली, तरी काही दिवस जुनी शाळा आठवत राहते. पण आपणांस बदलीचे कारण ठाऊक असते. बालकाला मात्र कोणी काही विचारलेलेच नसते. त्याचा शोक शब्दांत न येता वर्तनात उतरतो. पाढे येणारा मुलगा अडखळतो, बोलकी मुलगी गप्प बसते, कोणी विनाकारण भांडतो. अशा वेळी आपण त्याला ‘मंद’ किंवा ‘उनाड’ ठरविले, तर गावापाठोपाठ त्याचा आत्मविश्वासही जाईल.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. एका गावची मुले प्रारंभी जवळजवळ बसवावीत. जुन्या गावाचा नकाशा त्यांच्याकडून काढून घ्यावा. विहीर, देऊळ, वाटा त्यांनीच दाखवाव्यात. एखाद्या आजीला वर्गात बोलावून लावणीच्या दिवसांची हकीकत ऐकावी. ‘आता ते विसरा’ असे मात्र कदापि म्हणू नये. ज्याला जुन्याविषयी मोकळेपणाने बोलता येते, तोच नव्यात लवकर रमतो. प्रार्थना, हजेरी व गोष्टीचा तास रोज ठरल्या वेळी व्हावा. सारे बदललेल्या मुलाला तेवढे एक तरी स्थिर राहिलेले दिसेल.

गाव राखणे आपल्या हाती नव्हते. परंतु त्या गावचे मूल राखणे पुष्कळसे आपल्या हाती आहे.