नर्मदाकाठी उशिरा गवसलेले रंग

(जबलपूर येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आम्हां चार-पाच सेवानिवृत्त सभासदांच्या चित्रकलेविषयी बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने केली आहे. आम्ही चित्रकार नव्हे. कोणी आयुधनिर्माणीत, कोणी रेल्वेत, कोणी शाळेत आयुष्य वेचले. साठी उलटेपर्यंत हाती कुंचला धरला नव्हता. उतारवयातील हा छंद पाहून काही जण हसतात. रवींद्रनाथ ठाकुरांच्या चित्रांचे प्रदर्शन १९३० मध्ये पॅरिसला भरले, तेव्हा त्यांचीही साठी केव्हाच उलटली होती, एवढेच आम्ही त्यांना सांगतो.

पहिल्या दिवशी ग्वारीघाटावर बसलो. तासाभरात सावल्या सरकल्या आणि एकाच कागदावर सकाळ व दुपार एकत्र नांदू लागली! तेव्हापासून आम्ही सावल्यांच्या कडा आधी पेन्सिलीने बांधून घेतो. वैशाखात रंग पसरण्यापूर्वीच कागद वाळतो. श्रावणात तो वाळता वाळत नाही.

खरा धडा भेडाघाटाने दिला. तेथील संगमरवरी कडे पाहुण्यांना आम्ही नावेतून कितीदा दाखविले असतील! संगमरवर म्हणजे पांढरा, ही आमची चाळीस वर्षांची समजूत. कागद घेऊन बसल्यावर तोच दगड निळसर, पिवळट, करडा दिसू लागला. पांढरा होता तो केवळ उन्हाच्या कडेपुरता. पारदर्शक जलरंगांत तेवढी जागा कोरीच सोडायची असते. ती नेमकी किती सोडावी, हे आम्ही अजून शिकत आहोत.

एका पावसाळी दुपारी बाहेर पडणे अशक्य झाले, म्हणून प्रत्येकाने आपापले गावाकडील घर आठवून काढावे असे ठरले. "निवृत्तीनंतर गावी जाऊ" हे वाक्य आम्ही सर्वांनीच जन्मभर उच्चारले होते. पण कागदापुढे बसताच हात अडखळले. ओटीच्या पायऱ्या तीन की चार? तुळशीवृंदावन उजवीकडे की डावीकडे? एकाही घराचे चित्र पुरे झाले नाही. त्या दुपारी फारसे कोणी बोलले नाही. ग्वारीघाटाची पायरीन् पायरी मात्र आम्ही डोळे मिटून काढू शकलो असतो.

गावाची माया आटली, असा याचा अर्थ नव्हे. परंतु ज्या नगरीने चाळीस वर्षे अन्न दिले, तिला 'परमुलूख' म्हणत आम्ही नीट पाहिलेच नव्हते, ही खंत त्या दिवशी मनात रुतली. आता कोणी "आपले गाव कोणते?" असे विचारले, तर आम्ही दोन नावे सांगतो.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही घाटावर असू. आपल्या मुलानातवंडांना अवश्य पाठवावे; कागद आमच्याकडे आहेत. आणि ज्यांच्या गावची घरे अजून उभी आहेत, त्यांनी पुढच्या सुटीत तेथील पायऱ्या मोजून याव्यात, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.