फिरोजशहांची मुंबई

इ. स. १९०१ च्या डिसेंबरात मुंबईहून काँग्रेसच्या अधिवेशनासाठी कलकत्त्यास निघालेल्या एका गाडीत सर फिरोजशहा मेहता यांच्यासाठी खास सलून राखून ठेवलेले होते. दक्षिण आफ्रिकेहून नुकतेच परतलेले बॅरिस्टर गांधी त्याच गाडीत होते, आणि एका टप्प्यापुरते त्या सलूनमध्ये बसून दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची कैफियत मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली होती. दिनशा वाच्छा आणि चिमणलाल सेटलवाड आत होतेच. ठराव हवा असेल तर तो आपण मंजूर करू, पण आपल्याच मुलखात आपल्याला कोणते हक्क आहेत, अशा अर्थाचे उत्तर फिरोजशहांनी दिले. आणि नेमून दिलेले स्टेशन येताच गांधी उतरून आपल्या डब्यात गेले. ही हकीकत गांधींनीच आपल्या आत्मकथेत कसलाही कडवटपणा न ठेवता लिहून ठेवली आहे. तीत फिरोजशहांचा तालेवारी थाट जसा दिसतो, तसा त्यांचा रोखठोकपणाही दिसतो, आणि माझ्या मते या दोहोंचे मूळ एकच होते.

४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतील एका सधन पारशी व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात पदवी घेतल्यावर रुस्तमजी जमशेटजी यांच्या देणगीतून ते कायद्याच्या अभ्यासासाठी विलायतेस गेले. परंतु अमेरिकेतील यादवी थांबताच कापसाचा भाव कोसळून १८६५ साली मुंबईत जी धूळधाण झाली, तीत देणगीदाराचीच पेढी बुडाली. तरीही अभ्यास तडीस नेऊन १८६८ साली ते बॅरिस्टर झाले. लंडनच्या त्या वास्तव्यात दादाभाई नौरोजींचा सहवास त्यांना लाभला. पुढे मुंबईत आणि काठेवाडच्या संस्थानांत वकिलीचा जम बसल्यावर सरकारची मर्जी राखण्याची गरज त्यांना कधी पडली नाही. ज्याला नोकरी नको, बढती नको आणि ज्याच्या घरची चूल कोणा साहेबाच्या सहीवर अवलंबून नाही, असा मनुष्य राज्यकर्त्यांना फार अडचणीचा वाटतो.

त्यांच्या कर्तृत्वाचा खरा पाया मात्र मुंबईच्या गटारांत, पाणीपुरवठ्यात आणि घरपट्टीत आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. १८६५ च्या कायद्यान्वये शहराचा कारभार आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरच्या एकट्याच्या मुखत्यारीत आला होता. त्याने शहर झपाट्याने सुधारले, पण त्याच झपाट्याने खजिनाही रिता केला, आणि १८७१ साली करदाते त्याच्यावर उठले. अशा ऐन प्रक्षोभात सव्वीस वर्षांच्या या तरुणाने भर सभेत निबंध वाचून क्रॉफर्डची बाजू घेतली. दोष माणसाचा नसून व्यवस्थेचा आहे, अंमलबजावणी एका जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती राहू द्यावी आणि त्याच्यावर नियंत्रण मात्र करदात्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींचे असावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. सभेला तो मुळीच रुचला नाही. परंतु १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावयाचे ठरले, आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या कारकिर्दीत महापालिकेचे अधिकार संकुचित करणारा मसुदा सरकारने पुढे आणला, तेव्हा काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसह फिरोजशहांनी कायदेमंडळात त्याची कलमे एकामागून एक बदलून घेतली. त्यातूनच १८८८ चा कायदा सिद्ध झाला. महापालिकेचे अध्यक्षपद त्यांनी चार वेळा भूषविले.

वरिष्ठ कायदेमंडळातही तीच वृत्ती दिसली. एखाद्या भागात दंगा झाला की जादा पोलिसांचा खर्च रहिवाशांवर, न्यायालयीन चौकशीवाचून, लादण्याची मुभा अधिकाऱ्यांना देणाऱ्या १८९५ च्या पोलीस विधेयकाचे त्यांनी असे वाभाडे काढले की, या सभागृहात एक नवीनच वारे शिरल्याची तक्रार खजिन्याचे मंत्री सर जेम्स वेस्टलंड यांनी केली. १९०१ साली तर दुष्काळाने खचलेल्या रयतेच्या, थकलेल्या साऱ्यापायी सरकारजमा झालेल्या जमिनी हस्तांतराचा हक्क काढून घेऊन पुन्हा देण्याची तरतूद असलेले विधेयक मुंबई कायदेमंडळात रेटले जात असता, लोकमत अजमावण्याची सूचना फेटाळली जाताच ते सभागृहातून उठून गेले, आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांसारखे सभासद त्यांच्यामागोमाग निघाले. रयतेचे दुःख त्यांनी फारसे जवळून पाहिले असेल असे वाटत नाही. पण हक्क हिरावला जात असेल तर तो त्यांना दुरूनही दिसत असे.

अशा माणसाला उखडण्याचा यत्न न होता तरच नवल. १९०७ साली काही युरोपियन अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी गट बांधून, महापालिकेच्या निवडणुकीत 'जस्टिस ऑफ द पीस' यांच्या मतदारसंघातील सोळा जागांवर आपले सोळाही उमेदवार निवडून आणले आणि फिरोजशहांना सतरावे ठेवले; मात्र त्यांतील एक जण अपात्र ठरला आणि ते महापालिकेत परत आले.

याच वर्षाच्या अखेरीस सुरतेस काँग्रेस मवाळ आणि टिळकांचे जहाल अशी दुभंगली, आणि तेथे मात्र माझे मत मवाळ फिरोजशहांच्या बाजूने पडत नाही. सभागृहात कलम बदलून घेणे त्यांना जितके साधले, तितके सभागृहाबाहेरच्या जनसमुदायाचे मन ओळखणे साधले नाही; टिळकांच्या मागे उभा राहिलेला सामान्य मराठी माणूस त्यांना बेशिस्त जमावच वाटत राहिला. १९०९ च्या लाहोर अधिवेशनाचे अध्यक्षपद मिळूनही त्यांनी ते आयत्या वेळी सोडले. १९१३ साली त्यांनी 'बॉम्बे क्रॉनिकल' हे इंग्रजी दैनिक सुरू केले, परंतु मराठी वाचकाशी त्यांचा संबंध शेवटपर्यंत जुळला नाही. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी, मुंबईतील काँग्रेस अधिवेशन जेमतेम दोन महिन्यांवर आले असता, ते निवर्तले.

बोरीबंदरसमोर महापालिकेच्या इमारतीपाशी त्यांचा पुतळा उभा आहे, आणि आत चालणारा कारभार आजही मुळात त्याच १८८८ च्या कायद्यान्वये चालतो.