मयतीचे घर आणि आपली मते
(पालक मेळाव्यातील भाषण)



विषय नाजूक आहे, पण तो आपल्या घराघरातला आहे. शिकलेल्या पिढीतील पुष्कळजण जियारत, दहावा, चाळिसावा, बरसी हे सगळे मनातून मानीत नाहीत. मीही मानीत नाही. तरी घरात मयत झाली की आम्ही टोपी घालून सतरंजीवर बसतो, कुराणखानीत पारा हातात घेतो, फातेहाला हात उचलतो. तरुण मुले विचारतात, "सर, हे ढोंग नव्हे काय?"

मला तसे वाटत नाही. माझे वडील वारले तेव्हा जे झाले ते अम्मीच्या इच्छेने झाले. तिच्यापुढे माझा बी. ए. चा तर्क मांडण्याची ती वेळ नव्हती. आमचे हिंदू शिक्षकमित्र दहाव्याला डोके मुंडवतात, त्यांच्यातही काहींच्या मनात हेच चाललेले असते.

पण वाकायचे कोठवर? न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे मोठे पुरस्कर्ते. 1873 साली त्यांची पहिली पत्नी वारली. आता ते विधवेशी विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि त्याच वर्षी 11 वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्याच पुढे रमाबाई रानडे झाल्या, रानड्यांनी त्यांना शिकविले, हे खरेच. तरीही त्यांच्या नमण्याची किंमत एका लहान मुलीला आणि विधवाविवाहाच्या चळवळीला द्यावी लागली.

दुसरे नाव घेतले की काहींच्या कपाळाला आठी पडेल. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. 1970 साली त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. 3 मे 1977 रोजी मुंबईत ते वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी न करता दहन झाले. त्यांची सगळी मते मला पटत नाहीत. पण आपल्या मयतीविषयी जे वाटत होते ते त्यांनी जिवंतपणी सांगून ठेवले, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

आपण सामान्य माणसे या दोघांच्या मधली. माझा हिशेब साधा आहे. वाकण्याची किंमत मी एकटा देत असेन तर खुशाल वाकावे. दुसऱ्याला द्यावी लागत असेल तर नाही. सतरंजीवर बसण्याने माझे काय जाते? पण चाळिसाव्याच्या जेवणासाठी सावकाराकडे जायचे, बियाण्याचे पैसे देगेत घालायचे आणि उदगीरला शिकणाऱ्या मुलीला घरी बसवायचे, हे मला कोणी रीत म्हणून सांगू नये. हजरत जाफर शहीद झाल्याची खबर आली तेव्हा पैगंबरसाहेबांनी त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करायला सांगितले होते. जेवण मयतीच्या घरी जायचे असते. आपण ते उलटे केले आहे.

इद्दतीचेही तसेच. चार महिने दहा दिवसांची मुदत कुराणात आहे, तिच्याविषयी वाद नाही. पण पोटासाठी दिवसा बाहेर जाऊन रात्री घरी परतण्याची मुभा हनफी फिकहमध्ये बेवेला आहे. शेतमजुरी करणाऱ्या बाईला "लोक काय म्हणतील" म्हणून कोंडून ठेवले तर तिच्या लेकरांना कोण खाऊ घालणार? सांगणारे तर जेवून निघून जातात.

म्हणून पालकांना दोन कामे सांगतो. आपल्या चाळिसाव्याला कर्ज काढू नये, हे आजच घरी चार माणसांदेखत बोलून ठेवा, वहीत लिहून सही करा. मी केली आहे. बायको दोन दिवस बोलली नाही, मग तिनेही खाली स्वतःचे लिहिले. दुसरे, मयत झाली की चाळीस दिवसांच्या गडबडीत मृत्यूची नोंद राहून जाते. तिची मुदत 21 दिवसांची आहे. पुढे बँकेत, तहसीलमध्ये बेवेला तोच दाखला मागतात. फॉर्म भरता येत नसेल तर शाळेत या, आम्ही भरून देऊ.